सुगम्य संकेतस्थळ

दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा आकलनात अडचण असलेल्या व्यक्तींना दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता येईल असे संकेतस्थळ. १ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र केवळ यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) संकेतस्थळामार्फत दिले जाते. त्यामुळे हातकणंगल्यातील अंध अर्जदाराच्याही हक्काची सुरुवात पडद्यावरच होते.

अंध व्यक्ती एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरकडून मजकूर वाचून घेते. मराठीतला मोठा अडसर फाँटचा. युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडरला तो रोमन अक्षरांची निरर्थक रांग वाटतो. स्कॅन करून चढवलेला आदेश तर नुसते चित्र. पानाच्या संहितेत मराठीची भाषाखूण नसेल, तर मजकूर हिंदी आवाजात वाचला जाऊ शकतो, कारण लिपी एकच. चित्रांना वर्णन नसणे, केवळ माउसने चालणारी बटणे आणि दृश्य कॅप्चा हे इतर अडथळे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. ई-केवायसीत (ऑनलाइन ओळख-पडताळणीत) डोळ्यांची उघडझाप करता न येणाऱ्या ॲसिडहल्लाग्रस्तांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला.