शेतात घुसलेलं रानडुक्कर मारलं, तर त्याचं मटण खाता येतं का?

सव हे महाडजवळचं गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जातं. पण इथपासून पोलादपूरच्या डोंगरवाड्यांपर्यंत भात पिकायला आलं की बोलणं रानडुकरांवर येतं. कळप रात्रीत उभं पीक लोळवतो.

थेट उत्तर: नाही. परवानगी घेऊन मारलं, तरीही नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातलं कलम ९ शिकारीवर बंदी घालतं. 'शिकार' म्हणजे फक्त गोळी झाडणं नव्हे. फासकी लावणं, विष घालणं, हाका देऊन जनावर उठवणं, एवढंच काय, नुसता प्रयत्नही त्यात येतो. म्हणजे हाक्याला गेलेला माणूसही कायद्याने शिकारीच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्यात शिकार केली तर शिक्षा आणखी कडक.

रानडुक्कर सध्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ नुसार वनविभाग ते मारायला लेखी परवानगी देऊ शकतो. मात्र कलम ३९ प्रमाणे असं मारलेलं जनावर आणि त्याचं मांस सरकारी मालमत्ता ठरतं. केंद्राने एखाद्या भागात प्राणी 'उपद्रवी' जाहीर केला, तरच हा नियम सुटतो. उत्तराखंडात २०१६ मध्ये रानडुकरांबाबत तसं झालं होतं.

मग पूर्वी काय होतं? कोकणात शिकार एकट्याची नसायची. हाकेवाले, कुत्री, ठासणीची बंदूक असलेला एखादा, आणि शेवटी सगळ्यांचे वाटे. पीक राखण्यासाठी अशा बंदुकीचा परवाना शस्त्र कायद्यात आजही आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. गोंधळ बहुतेक इथेच होतो.

कातकऱ्यांचा प्रश्न वेगळा. खेकडे, मासे, शेतातले उंदीर हे त्यांच्यासाठी हौसेचं नव्हे, पोटाचं अन्न. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे वनोपजावरचे हक्क मान्य केले, पण शिकार स्पष्टपणे वगळली. जंगल संपवलं कुणी आणि बंदी कुणाच्या ताटावर आली, हा राग समजण्यासारखा आहे.

नैतिक बाजू काय? दुकानातली ब्रॉयलर कोंबडी आयुष्यभर पिंजऱ्यात किंवा शेडमध्ये असते. रानातलं जनावर मोकळं जगलेलं असतं. स्वतः मारून खाणाऱ्याला मांसाची किंमत कळते, असं म्हणतात. मला हा युक्तिवाद पटतो, पण फासकी पाहिली की गळून पडतो. तारेचा फास डुक्कर आणि बिबट्या यांत फरक करत नाही. गावठी बॉम्बने जबडा फुटलेलं जनावर लगेच मरतही नाही, आणि तोच गोळा चरायला गेलेली गायही चावते. मोकळं जगलेल्या जनावराला निदान झटपट मरण तरी हवं. जर्मनीत शिकाऱ्याला आधी परीक्षा द्यावी लागते, आणि रानडुकराचं मांस कृमींच्या तपासणीशिवाय खाता येत नाही. आपल्याकडे यातलं काहीच नाही.

आणखी एक. सव-महाड पट्ट्यात मुस्लिम वस्ती मोठी आहे. त्यांना डुक्कर वर्ज्य, तरी शेत त्यांचंही लोळतं. म्हणून मटणाचा आणि पिकाचा प्रश्न वेगळा ठेवलेला बरा. पिकाचं नुकसान झालं तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. अर्ज लवकर करा आणि पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसंच ठेवा.