रोजा, मधुमेह आणि चौदाशे वर्षांची सवलत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानमध्ये एका चाचांना दुपारी चारच्या सुमारास घरच्यांनी दवाखान्यात उचलून आणलं. दरदरून घाम, बोलणं असंबद्ध. साखर ४२! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ते भानावर आले आणि म्हणाले, "रोजा तुटला का हो?" सकाळची मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन त्यांनी रोजा धरला होता. मला का सांगितलं नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही नको म्हणाला असतात." चूक माझीही होती. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर मी या विषयाचा इतिहास वाचला.

रमजानचे रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ.स. ६२४ च्या सुमारास फर्ज झाले. आजारी आणि प्रवासी यांना दिलेली सवलत कुरआनमध्ये त्याच आदेशासोबत आहे. राहिलेले रोजे नंतर धरावेत. ज्यांना ते कधीच शक्य नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावं. म्हणजे सवलत रोज्याइतकीच जुनी आहे. अहमद निजामशहाने १४९० मध्ये आपलं नगर वसवायला घेतलं, तेव्हाही ती होतीच.

उशीर केला तो आम्ही डॉक्टरांनी. इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं १९२२ मध्ये. पण मधुमेही माणूस रोजा धरतो तेव्हा काय होतं, याची मोठी पाहणी झाली थेट २००१ मध्ये, भारतासह १३ देशांतल्या १२ हजारांहून अधिक रुग्णांची. टाइप २ मधुमेहात साखर धोकादायक खाली जाण्याचं प्रमाण रमजानमध्ये सुमारे साडेसात पट वाढलेलं दिसलं. पुढे डॉक्टर आणि धर्मविद्वान एकत्र बसले आणि कोणी रोजा टाळावा, औषध कसं बदलावं याचे नियम तयार झाले.

आणखी एक गोष्ट. चांद्र वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मी शिकत होतो तेव्हा, १९८८ मध्ये, तो एप्रिल-मेच्या उन्हात होता. २०१८ मध्ये पुन्हा मे-जूनमध्ये आला. नगरला मे महिन्यात रोजा चौदा तासांहून मोठा असतो, डिसेंबरमध्ये बारा-सव्वाबारा तासांचा. म्हणून "मागच्या वेळी काही झालं नाही" हा हिशेब दरवेळी चालत नाही.

मग तुम्ही काय करायचं?

• रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. गोळीची वेळ किंवा मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नका.
• इन्सुलिन घेणारे, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेले आणि गर्भवती यांनी विचारल्याशिवाय रोजा धरू नये.
• सहरी चुकवू नका. इफ्तारला खजूर एक-दोनच, भजी-समोसे बेताने. इफ्तार ते सहरी थोडं थोडं पाणी पीत राहा.
• बोटातून रक्त घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक धर्मविद्वान सांगतात.
• साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, घाम-थरथर सुटली, चक्कर आली, तर रोजा लगेच सोडा. मगरिबला दहा मिनिटं उरली असली तरीही.

चाचा आता दरवर्षी रमजानच्या आधी येतात. त्यांच्या गोळ्या बदलल्या आहेत. काही वर्षी ते रोजे धरतात, काही वर्षी गरिबाच्या घरी शिधा पोचवतात. तुम्हीही लपवू नका; आधी येऊन बोला.