अणूतील कण मोजून समस्थानिक आणि आयन कसे ओळखायचे?

थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागते, म्हणून ते मिठात मिसळले जाते. पण १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला, तेव्हा बाहेर पडलेले आयोडीन दुधातून मुलांच्या पोटात गेले आणि पुढे अनेकांना थायरॉईडचा कर्करोग झाला. मूलद्रव्य एकच, मग फरक कशात? उत्तर अणूतील कणांच्या संख्येत आहे.

तीन कण, तीन प्रश्न

• मूलद्रव्य कोणते? प्रोटॉन मोजा. ५३ प्रोटॉन म्हणजे आयोडीनच. ही संख्या म्हणजे अणुअंक.
• समस्थानिक कोणते? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची बेरीज करा. ही बेरीज म्हणजे अणुवस्तुमानांक.
• प्रभार किती? प्रोटॉनमधून इलेक्ट्रॉन वजा करा. उत्तर शून्य आले तर तो उदासीन अणू, नाहीतर आयन.

उदाहरण

पहिला कण: ५३ प्रोटॉन, ७४ न्यूट्रॉन, ५४ इलेक्ट्रॉन.
५३ + ७४ = १२७ आणि ५३ − ५४ = −१.
म्हणजे हा आयोडीन-१२७ चा ऋण आयन, अर्थात आयोडाइड.

दुसरा कण: ५३ प्रोटॉन, ७८ न्यूट्रॉन, ५४ इलेक्ट्रॉन.
५३ + ७८ = १३१, प्रभार पुन्हा −१.
हाही आयोडाइडच, पण आयोडीन-१३१ चा.

इथे बरेच जण गोंधळतात. इलेक्ट्रॉन वाढला की प्रभार वाढत नाही, ऋण होतो. कारण इलेक्ट्रॉन स्वतःच ऋणप्रभारित असतो.

शरीर फसते कुठे?

रासायनिक गुणधर्म प्रोटॉन व इलेक्ट्रॉनवर अवलंबून असतात. ते दोन्हींत सारखेच असल्याने थायरॉईड दोन्ही आयोडाइड सारखेच शोषून घेते. फरक फक्त ४ न्यूट्रॉनचा. पण त्यामुळे आयोडीन-१३१ चे केंद्रक अस्थिर होते. सुमारे ८ दिवसांत त्यातील निम्मे अणू किरणोत्सर्ग करून झेनॉनमध्ये बदलतात आणि हा मारा ग्रंथीतल्या पेशींवर होतो.

म्हणूनच अणुदुर्घटनेच्या वेळी प्रशासनाच्या सूचनेनुसार पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या दिल्या जातात. स्थिर आयोडीनने ग्रंथी आधीच भरली, की किरणोत्सारी आयोडीनला तिथे फारशी जागा उरत नाही. थायरॉईडच्या कर्करोगावरील उपचारातही आयोडीन-१३१ वापरतात, तेही याच गुणामुळे: ते नेमके थायरॉईडच्या पेशींतच जाऊन साठते.