विद्यार्थी-खेळाडू

परवा भाच्याचा फोन आला. अलीकडेच तो इकडे एमएस करायला आलाय. "मामा, शनिवारी बस वळवलेल्या, रस्ते अडवलेले, लायब्ररीत चिटपाखरू नाही. कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला लाखभर माणसं? आणि माझा रूममेट सांगतो, त्यातल्या क्वार्टरबॅकला वर्षाला लाखो डॉलर मिळतात. तो नक्की विद्यार्थी आहे का रे?"

प्रश्न साधा होता. उत्तर द्यायला गेलो आणि पाऊण तास झाला. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, "तू ब्लॉगवर लिही, म्हणजे आईपण वाचेल." ब्लॉगवर बरेच दिवस धूळ साचलेली होतीच. तर ताई, ही पोस्ट तुझ्या चिरंजीवांच्या कृपेने.

आधी थोडं नमन. हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. यात चेंडूला पाय क्वचितच लागतो. हेल्मेट आणि पॅड चढवलेली दांडगी पोरं एकमेकांवर आदळतात. हा खेळ इथे आधी कॉलेजांत रुजला, व्यावसायिक संघ नंतर आले. त्यामुळे कित्येक राज्यांत लोकांचा जीव अजून विद्यापीठाच्या संघातच अडकलेला असतो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसं बसतात. म्हणजे तीन वानखेडे, आणि वर थोडं.

भाच्याचा प्रश्न मला पडला तो २००४ साली. मी पीएचडी करत होतो आणि पोटापाण्यासाठी स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या कोर्सचा टीए होतो. (विद्यापीठाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) माझ्या वर्गात फुटबॉल संघातला एक मुलगा होता. दंड माझ्या मांडीएवढे, आवाज मात्र अगदी हळू. शंका विचारायला यायचा तेव्हा गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली असायची. एकदा आईने पाठवलेल्या दिवाळीच्या डब्यातला बेसनाचा लाडू मी त्याच्यापुढे धरला. त्याने हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. "हे नियमात बसतं का?" मला वाटलं गंमत करतोय. अर्धी गंमत होतीच, पण अर्धी नव्हती. कॉलेजने खेळाडूला काय खायला द्यावं याचेसुद्धा तेव्हा नियम होते. एके काळी तर नुसता बेगल दिला तर चालायचा, त्यावर क्रीम चीज लावलं की ते 'जेवण' व्हायचं! लाडू त्याने शेवटी खाल्ला, दोन खाल्ले.

आम्हा दोघांनाही आठवड्याला वीस तासांची मर्यादा होती. मला व्हिसाची, त्याला एनसीएएची, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संस्थेची. माझे वीस तास बहुतेक वीसच असायचे. त्याचे वीस कागदावर. प्रवास, मलमपट्टी, 'ऐच्छिक' व्यायाम यातलं काही त्यात धरत नसत. पुढे २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी युनियनसाठी अर्ज केला, तेव्हा सुनावणीत हंगामातले तास निघाले चाळीस ते पन्नास. पण मी फी माफ, विमा आणि दरमहा पगार मिळवणारा कर्मचारी. तो फी माफ आणि राहणं-जेवण मिळवणारा... विद्यार्थी-खेळाडू.

या जोडशब्दाचा जन्म कसा झाला ते मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. आजची ही पोस्ट खरं तर त्यासाठीच.

१९०५ साली या खेळात इतकी पोरं दगावली की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यातून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली तीच १९१० पासून एनसीएए. पैसे न घेता खेळायचं, हे तिचं ब्रीद. प्रत्यक्षात १९२९ च्या कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालात दिसलं की बहुतेक कॉलेजं खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसे पोचवतच होती. अखेर १९५६ मध्ये खेळासाठी उघडपणे शिष्यवृत्ती द्यायला परवानगी मिळाली. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, वर थोडा हातखर्च.

इथेच गोम होती. खेळण्याच्या बदल्यात काही मिळतंय म्हटल्यावर ती नोकरी झाली की नाही? कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये डेन्व्हर विद्यापीठाच्या नेमेथ नावाच्या जखमी खेळाडूला कर्मचारी मानून भरपाई मंजूर केली होती. १९५५ मध्ये त्याच राज्यात फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीने कामगाराच्या विधवेला मिळते ती भरपाई मागितली. १९५७ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. कारण काय, तर कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही.

असे दावे देशभर उभे राहिले तर काय, या धास्तीने एनसीएएने 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द घडवला आणि सगळ्या नियमांत, पत्रकांत पेरला. हे मी म्हणत नाही. १९५१ ते १९८८ संस्थेचा कारभार हाकणाऱ्या वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ च्या पुस्तकात ते कबूल केलंय. ज्या माणसाने तटबंदी बांधली तोच म्हातारपणी ती पाडा म्हणून सांगत होता. मला हे वाचून त्यांचा आदर वाटला आणि रागही आला. हे सांगायला चाळीस वर्षं का लागावीत?

पगार नाही, ही झाली एक दोरी. दुसरी दोरी कॉलेज बदलण्याची. फुटबॉलपटूने मोठ्या कॉलेजातून दुसऱ्या मोठ्या कॉलेजात प्रवेश घेतला, की एक वर्ष नुसतं बसायचं. शिवाय जुन्या कॉलेजने मोकळं केलं नाही तर नवीन कॉलेज शिष्यवृत्ती देऊ शकत नसे. रणजीपटूला राज्य बदलताना एनओसी लागते तसंच काहीसं. अभ्यासात स्थैर्य हवं, हे कारण. आणि त्याच वेळी, १९७३ पासून, शिष्यवृत्ती चार वर्षांची न राहता एकेका वर्षाची झालेली! म्हणजे पोराने कॉलेजला बांधील राहायचं, कॉलेजने मात्र दर उन्हाळ्यात नव्याने ठरवायचं.

माझ्या विद्यार्थ्याचं तेच झालं. त्याच्या घरी जाऊन, सोफ्यावर बसून, आईला 'चार वर्षं माझी जबाबदारी' असं सांगणारा कोच तो हंगाम संपताच जास्त पगारावर दुसरीकडे गेला. त्याला वर्षभर बसावं लागलं नाही. नव्या कोचला दुखऱ्या गुडघ्याचा खेळाडू नको होता. जूनच्या शेवटी पत्र आलं. तो ते पत्र मला दाखवायला आला, का कोण जाणे. माझ्या हातात काय होतं? त्याने विचारलं, "तुला असं काढता येतं का?" आमची युनियन होती, करार होता. मी म्हटलं, सहजासहजी नाही. तो नुसता मान हलवून गेला. सप्टेंबरमध्ये वर्गाच्या याद्या आल्या, त्यात त्याचं नाव कुठेच नव्हतं.

पैसा तोवर अफाट झाला होता. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली आणि कॉलेजांचे गट आपापले सामने विकू लागले. त्याच निकालात, खेळाडूंना पैसे न देणं हे या खेळाचं वैशिष्ट्य आहे अशा अर्थाचं एक वाक्य होतं. एनसीएएचे वकील ते तीसेक वर्षं तलवारीसारखं फिरवत होते. २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात न्यायालयाने ते ओघातलं वाक्य ठरवलं, आणि खेळाडूंच्या बाजूने एकमताने निकाल दिला. मुद्दा फक्त शिक्षणाशी निगडित लाभांचा होता, पण बांध फुटला. १ जुलै २०२१ पासून खेळाडू आपलं नाव आणि चेहरा जाहिरातीला देऊन पैसे घेऊ लागले. (भाच्या, तुझ्यासारखा एफ-वनवर आलेला खेळाडू असेल तर तिथेही व्हिसा आडवा येतो.)

दुसरी दोरीही सुटत गेली. २०१८ मध्ये कॉलेजच्या परवानगीची अट गेली, २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरतं वर्षभराचं बसणं गेलं, आणि कोर्टाचा दट्ट्या बसल्यावर २०२४ मध्ये कितीही वेळा बदला, फक्त पास होत राहा, असं झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओक्लाहोमाचा कोच लिंकन रायली शनिवारी सामना हरला आणि रविवारी कॅलिफोर्नियातल्या यूएससीचा कोच झाला. यात नवीन काही नव्हतं. नवीन हे की काही महिन्यांत त्याचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सही मागोमाग गेला, लगेच खेळला आणि २०२२ ची हाइझमन ट्रॉफी जिंकला.

आता हे सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. चार वर्षांत तीन कॉलेजं बदललेला मुलगा पदवी कुठून आणि कशाची घेणार? लहान कॉलेजने घडवलेला खेळाडू मोठं कॉलेज उचलून नेतं. धनाढ्य माजी विद्यार्थी वर्गणी काढून संघ विकत घेतात. लोक हळहळतात की पूर्वीची निष्ठा राहिली नाही. पण त्यातल्या कितीजणांनी कोचच्या निष्ठेची चौकशी केली होती? टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये आपल्या कोचला काढलं, तेव्हा नुसतं घरी बसवण्याची किंमत होती साडेसात कोटी डॉलरच्या वर.

जून २०२५ मध्ये 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजुरी दिली. आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. कर्मचारी मात्र त्या तडजोडीने त्यांना केलेलं नाही. तेव्हा भाच्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की तो क्वार्टरबॅक लाखो डॉलर घेतो आणि कागदोपत्री अजून विद्यार्थी-खेळाडूच आहे.

त्याच तडजोडीत जुन्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून दोनशे ऐंशी कोटी डॉलर ठेवलेत, दहा वर्षांत वाटायला. ती बातमी वाचताना मी आधी वर्षं शोधली. ती २०१६ पासून सुरू होतात.