साखळीपासून रोव्हरपर्यंत : आपल्या भागातल्या मोजणीचा इतिहास



शाळेच्या आठवणी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिणारे आपल्या तुकडीत बरेच आहेत. म्हणून मी माझ्या रोजच्या कामाजवळचा विषय निवडला आहे. माझी पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची, नोकरी मात्र संगणकाची. गेली कित्येक वर्षे मी नकाशांचे सॉफ्टवेअर लिहिते. आपल्या ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा वगळल्या तर सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘मोजणी’ हाच असावा. कुणाची वाडी महामार्गात गेली, कुणाचे पोटहिस्से पडायचे आहेत, कुणाचा बांधावरून शेजाऱ्याशी अबोला आहे. जमीन मोजणारा माणूस मात्र आपल्या बोलण्यात कधी येतच नाही. त्याची विद्या कुठून आली, ती कशी टिकली आणि आता तिचे काय होते आहे, हे या लेखात सांगायचे आहे.

आपल्या किनाऱ्यावर आधी पोर्तुगीज होते. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा किल्ला आणि पाठोपाठ वसई मराठ्यांकडे आली. त्या काळी जमीन बिघ्यांत सांगत आणि सारा पाहणीवर ठरवत. पाहणी म्हणजे पुष्कळदा अनुभवी नजरेचा अंदाज. इंग्रजांना प्रत्येक शेताचे क्षेत्र कागदावर हवे होते. पण इथे त्यांची पहिली मोठी खेप फसली. १८२०च्या दशकाच्या अखेरीस पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नावर सारा बसवण्याची योजना आखली. कागदावर ती शास्त्रशुद्ध होती. पण शेतातली मोजमापे सदोष निघाली, हाताखालच्या लोकांवर देखरेख अपुरी पडली, सारा न झेपून शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या आणि योजना सोडून द्यावी लागली. सिद्धांत कितीही चांगला असला तरी साखळी धरणारा हात तयार नसेल तर काय होते, याचा हा आपल्याकडचा पहिला धडा.

दुसरा प्रयत्न १८३५ साली इंदापूरला सुरू झाला. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करातला इंजिनिअर, अशी ती जोडी होती. त्यांनी पद्धत सोपी केली आणि मोजणी तपासण्याचे नियम घातले. एकाने मोजलेले शेत वरिष्ठाने काही प्रमाणात पुन्हा मोजायचे. या अनुभवावरून १८४७ साली जो संयुक्त अहवाल तयार झाला, त्याच्यावर मुंबई इलाख्याची पुढची सगळी मोजणी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती आपल्याकडेही पोहोचली होती. तेव्हा आपला तालुका माहीम तालुका म्हणून ओळखला जाई. मुख्य ठिकाण पुढे पालघरला आले. भाताची खाचरे बारकाईने मोजली गेली, गवताच्या आणि राबाच्या वरकस जमिनींवर हलका आकार बसला. तुमच्या सातबाऱ्यावरच्या सर्वे नंबराचे मूळ बहुधा त्याच काळात आहे.

आता थोडे गणित. अनियमित आकाराच्या जागेचे क्षेत्रफळ काढायला बाईंनी शिकवले होते ते आठवते का? मधून एक लांब रेषा घ्यायची, प्रत्येक कोपऱ्यापासून तिच्यावर लंब टाकायचा, त्रिकोण आणि समलंब चौकोन करून बेरीज घ्यायची. आपल्याला ते फक्त मार्कांसाठीचे उदाहरण वाटले होते. जुन्या मोजणीचे ‘टिपण’ म्हणजे नेमके हेच. भूकरमापक शेतातून साखळीची रेषा घेई, क्रॉस स्टाफने काटकोन साधून बांधापर्यंतची लंबांतरे मोजी आणि आकडे रेषेच्या दोन्ही बाजूंना मांडी. टिपण हे प्रमाणात काढलेले चित्र नसते. आकडे वाचता आले तरच त्यातून शेत उभे राहते.

साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. वापरून वापरून कड्या झिजल्या आणि साखळी फक्त एक इंच लांबली, तर एकरामागे सुमारे २२० चौरस फुटांचा फरक पडतो. बोईसरला आज एवढ्या जागेत एक-दोन खोल्या बसतात. म्हणून साखळी वेळोवेळी प्रमाण मापाशी ताडून पाहणे हा शिस्तीचा भाग होता. पुढे मेट्रिक मापे आली आणि सातबारा हेक्टर-आरमध्ये गेला. एक आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो, पण एका हेक्टरमध्ये हा फरक एका गुंठ्याहून जास्त होतो.

ही विद्या शिकवली कुठे जाई? अभियांत्रिकीला जाणाऱ्या आपल्या मुलांना हे सहसा कुणी सांगत नाही, पण या देशातल्या आधुनिक अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवातच मोजणीच्या शाळेने झाली. १७९४ साली मद्रासमध्ये मूठभर मुलांना घेऊन सर्वेक्षणाची शाळा निघाली. आजचे गिंडीचे इंजिनिअरिंग कॉलेज ते हेच. मुंबईत १८२३ साली कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसच्या देखरेखीखाली इंजिनिअरिंगची संस्था सुरू झाली. तिथे एतद्देशीय मुलांना त्यांच्या भाषेत शिकवत, आणि त्यासाठी जर्व्हिसने शास्त्र्यांच्या मदतीने गणिताची पुस्तके मराठीत आणली. दोनशे वर्षांपूर्वी मराठीतून भूमिती शिकून मुले मोजणीच्या कामाला तयार होत होती, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार बरे वाटले. पुण्याचा इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ सालचा; तोही सार्वजनिक बांधकामांना हाताखालची तयार माणसे हवीत म्हणूनच निघाला.

शिक्षण मिळाले तरी मान मिळेच असे नाही. कलकत्त्याच्या राधानाथ सिकदारांचे उदाहरण बोलके आहे. ते भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात गणनेचे काम करत. त्या पदाला तेव्हा ‘कॉम्प्युटर’ म्हणत, म्हणजे नात्याने ते माझे पूर्वज! पुढे एव्हरेस्ट नाव मिळालेल्या शिखराची उंची त्यांच्या गणिताने ठरली. १८४३ साली एका मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षण खात्याच्या मजुरांना वेठीला धरले, तेव्हा सिकदार आडवे आले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. सर्वेक्षणाच्या १८५१ सालच्या इंग्रजी मार्गदर्शक ग्रंथात त्यांच्या साहाय्याची नोंद होती. १८७५च्या तिसऱ्या आवृत्तीतून ती गाळली गेली. तेव्हा वृत्तपत्रातून जाहीर निषेध झाला, आणि तो करणारा सर्वेक्षण खात्यातलाच एक इंग्रज अधिकारी होता. व्यवसायाची बाजू व्यवसायातल्या माणसांनीच मांडावी लागते, हे तेव्हापासून खरे आहे. पॅरिसमध्ये १८७८ साली सर्वेक्षकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि आपल्याकडे १९५० साली इन्स्टिट्यूशन ऑफ सर्व्हेअर्स, त्या याच गरजेपोटी.

आता आपल्या अंगणात येऊ. आपल्या भागाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मोजणीच्या खुंट्यांवरून सांगता येईल. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून १९६९ साली वीज सुरू झाली. बोईसरला एमआयडीसी आली आणि भातशेतीचे प्लॉट झाले. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला जिल्हा झाला. मग समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, बोईसरला थांबा असलेली बुलेट ट्रेन. वाढवण बंदराला जून २०२४मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आणि त्याच्या जोडरस्त्यांची चर्चा सुरू झाली. या प्रत्येक कामाच्या आधी संयुक्त मोजणी असते. किती क्षेत्र, कुणाच्या नावावर, किती झाडे, विहीर आहे की नाही, हे तेव्हा नोंदले जाते. मोबदल्याचा सगळा हिशेब त्या नोंदीवर चालतो. ज्याचे शेत जाते त्याला ती संधी एकदाच मिळते.

मधल्या काळात आमच्या घरच्या वाडीची हद्द कायम करण्याची मोजणी झाली. दोघे जण आले होते. एक पंचविशीतला, डिप्लोमा झालेला, यंत्रावर सफाईने हात चालवणारा. दुसरे निवृत्तीला आलेले. टिपणावर एका कोपऱ्याशी ‘३–९’ लिहिले होते. तरुणाने ते ३.९ साखळ्या धरले. त्या हिशेबाने आमचा कोपरा शेजाऱ्यांच्या माडांत जात होता. बाबा खूश, शेजारचे काका लाल! तेवढ्यात त्या ज्येष्ठांनी शांतपणे सांगितले, “अरे, तीन साखळ्या नऊ आणे. आणे सोळा असतात, दहा नव्हेत.” फरक सुमारे ११ फुटांचा होता. नव्या हिशेबाने जिथे बिंदू आला तिथे करवंदीच्या जाळीत जुना हद्दीचा दगड सापडला. काका आणि बाबा त्या दगडाकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला आणे कुणी शिकवलेच नव्हते. भूकरमापकाच्या भरतीला सिव्हिल डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्वेक्षक अभ्यासक्रम लागतो, शिवाय मराठी आणि इंग्रजी टंकलेखनाचे प्रमाणपत्र. टिपण वाचायला माणूस शिकतो तो वरिष्ठांच्या मागे उन्हात उभे राहून. ते वरिष्ठ आता एकेक करून निवृत्त होत आहेत, आणि त्याच वेळी यंत्रे झपाट्याने बदलत आहेत. प्लेन टेबल गेले, ईटीएस आले, आता रोव्हर आले. राज्यात ७७ कॉर्स स्थानके उभी आहेत. त्यांच्या आधाराने रोव्हर काही सेंटिमीटरच्या अचूकतेने बिंदू देतो. गावठाणांवर ड्रोन उडाले. डिसेंबर २०२२मध्ये राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण जाहीर झाले. हे सगळे चांगलेच आहे. मी स्वतः अशीच साधने बनवते, म्हणून अधिकाराने सांगते : यंत्र बिंदू कुठे आहे ते सांगते, हद्द कुठे आहे ते सांगत नाही. हद्द जुन्या कागदात असते. कागद आणि यंत्र दोन्ही जाणणारा माणूस तयार करायचा तर नोकरीला लागताना एकदा मिळालेले प्रशिक्षण पुरत नाही. डॉक्टर नव्या औषधांसाठी अभ्यास चालू ठेवतात, आम्ही संगणकवाले दर दोन वर्षांनी नवे शिकतो. मोजणी करणाऱ्यालाही तो वेळ, ते वर्ग आणि तो मान मिळायला हवा. आपण मात्र त्याला ‘मोजणीवाला’ म्हणून चहा देतो आणि आपल्या बाजूने रेषा सरकवायला सांगतो.

या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने तीन गोष्टी सुचवते.

पहिली, ज्यांची जमीन आहे त्यांनी टिपणाची आणि नकाशाची नक्कल आजच काढून ठेवावी. मोजणीच्या दिवशी हजर राहावे, वाचल्याशिवाय सही करू नये. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते, हे लक्षात ठेवावे. आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपने बांध ठरवू नये. मोबाइल तीन-चार मीटर सहज चुकतो. आपल्या खाचराचा बांध दीड फुटाचा असतो.

दुसरी, शाळेतल्या मुलांना हा व्यवसाय दाखवावा. ३३ फुटांची दोरी घेऊन तिच्यावर १६ सारख्या खुणा कराव्यात आणि आठवीच्या मुलांकडून शाळेचे मैदान मोजून घ्यावे. टिपण त्यांनीच लिहावे, क्षेत्रफळ त्यांनीच काढावे. नंतर रोव्हरने मोजून ताडून पाहावे. रोव्हरची सोय करण्याची जबाबदारी माझी.

तिसरी, आपल्या परिसरात निवृत्त भूकरमापक आणि निमतानदार आहेत. सुट्टीच्या काही रविवारी शाळेचा एक वर्ग मिळाला, तर ते आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना टिपण वाचायला शिकवू शकतील. मी त्यांच्यापैकी दोघांशी बोलले आहे. एकांनी विचारले, “फळा आहे ना?” मी हो म्हटले आहे. मुख्याध्यापकांची परवानगी आणि वीस मुलांची नावे हवी आहेत. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी मला भेटावे. यादी माझ्याकडे असेल.