रेडी ते रेवस : महामार्गाला पर्याय, पण खाड्यांच्या मर्जीने

गोव्यातून मुंबईकडे निघणारे बहुतेक प्रवासी पत्रादेवी ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरतात. चतुर्थीच्या दिवसांत तो वाहनांनी तुंबला, की किनाऱ्यालगतच्या दुसऱ्या वाटेची आठवण होते. रेडी ते रेवस हा महाराष्ट्राचा सागरी मार्ग सुमारे ५०० कि.मी. लांबीचा असून त्याच्या कल्पनेचे श्रेय बॅ. अ. र. अंतुले यांना दिले जाते. किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्यात शिरले, की रेडी जवळच आहे.

या रस्त्याचा हिशेब केवळ अंतरावर करू नये. कातळाच्या सड्यावरून तो वळणे घेत खाडीशी उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा सडा चढतो. थोड्याच अंतरावर पुढची खाडी येते. ताशी ३५ ते ४० कि.मी.पेक्षा अधिक वेग गृहीत धरणे व्यर्थ आहे.

रत्नागिरीपर्यंत सर्व खाड्यांवर पूल आहेत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडे, वेंगुर्ले, नेरूरपारला कर्ली नदी ओलांडून मालवण, मग आचरे, कुणकेश्वर आणि हापूसच्या बागांचे देवगड. विजयदुर्गासाठी वाट वाकडी करावी लागते. ती अवश्य करावी. जैतापूरच्या पुढे कशेळीचे कनकादित्य मंदिर, पूर्णगड, पावस. रत्नागिरीच्या उत्तरेचा आरे-वारेचा तुकडा आमच्या मते साऱ्या मार्गात सर्वांत देखणा.

जयगडपासून मात्र गाडी फेरीबोटीत चढवावी लागते : शास्त्री नदीवर जयगड–तवसाळ, वाशिष्ठीवर धोपावे–दाभोळ, सावित्रीवर वेसवी–बागमांडला आणि राजपुरीच्या खाडीत दिघी–आगरदांडा. रायबंदर–चोडणची सवय असलेल्यांना यात नवल नाही. पण येथे रात्री उशिरा बोट मिळेल असे समजू नये, आणि भर पावसात वारा-लाटांचा अंदाज घेऊनच निघावे. जयगडला बोट चुकल्यास राई–भातगाव पुलाचा वळसा घेता येतो. धोपाव्याला चुकली, तर चिपळूण गाठावे लागते, म्हणजे जो महामार्ग टाळला त्याच महामार्गावर परतावे लागते.

त्यामुळे एका दिवसात मुंबई गाठायची असेल, तर हा पर्याय नव्हे. वाटेत दोन मुक्काम करण्याची तयारी असणाऱ्यांनी दुसरा मुक्काम मुरुड किंवा अलिबागला ठेवावा. अलिबागजवळच्या मांडव्याहून २०२० पासून गाडीसह थेट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर नेणारी रो-रो बोट आहे.