दाखल्यावरची दुरुस्ती

परवा नातीचा फोन आला. तिला शाळेत दुसऱ्या महायुद्धावर प्रकल्प करायचा आहे. बोलता बोलता म्हणाली, "आजी, तू कधी ज्यू माणूस बघितलायस का गं?" मी म्हटलं, "अगं बघितलाय काय, शिकवलंय!" फोन ठेवला आणि एक जुनी बोच वर आली. आज लिहूनच टाकते.

१९७८ सालची गोष्ट. मी अलिबागजवळच्या एका गावात इतिहास शिकवत होते. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. दहावीच्या वर्गात दुसरं महायुद्ध चाललं होतं. हिटलरनं साठ लाख ज्यू मारले, असं मी सांगितलं. एका मुलानं विचारलं, "बाई, ज्यू म्हणजे कोण?" मी म्हटलं, "तिकडचे लोक. युरोपातले." दुसरा म्हणाला, "पण हिटलर शिस्तीचा होता ना?" वर्ग हसला. मीही जरा हसले आणि पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला.

दुसऱ्या बाकावर एक मुलगी खाली मान घालून बसली होती. मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

परीक्षा झाल्यावर तिचे वडील शाळेत आले. शाळा सोडल्याच्या दाखल्यात दुरुस्ती हवी होती. त्यावर 'हिंदू, तेली' असं होतं. प्रवेशाच्या वेळी आडनाव 'कर'नं संपणारं, बोली आपलीच आणि धंदा तेलाचा, एवढ्यावरून शाळेत कुणीतरी रकाना भरून टाकला होता. वडील म्हणाले, "बाई, तेली म्हणतात ते खरंय, पण शनवार तेली. आमचा धर्म इस्राएली. आता तिकडं जायचंय, तर कागदावर खरं लागतं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. 'तिकडचे लोक' माझ्या वर्गात बसले होते! पोर वर्षभर माझ्यापुढे होती आणि मी तिला तिच्याच माणसांच्या मरणाचा धडा शिकवला, तोही परक्याचा म्हणून.

त्या सुट्टीत मी आमच्या आळीतल्या एका इस्राएली आजींकडे जाऊन बसले. मिळाली ती पुस्तकंही वाचली. म्हटलं, आता आपणच विद्यार्थी.

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलची लेकरं. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी एक गलबत नवगावजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच पुरलं. याला कागदोपत्री पुरावा नाही, पण नवगावला त्या जागी स्मारक आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे धरले, गावांवरून आडनावं घेतली, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली. तरी मुलाची सुंता आठव्या दिवशी होत राहिली, 'शेमा' ही एका देवाची प्रार्थना ओठांवर राहिली, आणि शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारच्या संध्याकाळपर्यंत घाणा बंद. म्हणून शनवार तेली.

पुढच्या वर्षी मी महायुद्धाचा धडा उघडण्याआधी तीन तास ज्यू धर्माला दिले. अभ्यासक्रमात नव्हते, इकडून तिकडून काढले. सुरुवात सणांपासून केली, कारण आजींनी सांगितलेली नावं पोरांना लगेच कळणारी होती. ज्यूंचं नवं वर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा कडक उपास, योम किप्पूर, हा 'दारफळणीचा सण', कारण त्या दिवशी दारं लावून घरातच बसायचं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या दुखवट्याचा उपास म्हणजे 'बिरड्याचा रोजा'. वालाचं बिरडं म्हटल्यावर सगळा वर्ग जागा झाला! अडीच हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या सैन्यानं आणि पुढे इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलेलं मंदिर अलिबागच्या पोरांच्या ताटाशी असं येऊन टेकलं.

मग खाणं. पर आणि खवले दोन्ही असलेलाच मासा चालतो. कोळणीची पोर म्हणाली, "म्हणजे कोळंबी नाय, खेकडा नाय, पापलेट चालंल." माझ्याआधी तिनं नियम लावून दाखवला. मांसाबरोबर दूध खायचं नाही, म्हणून यांच्या रश्शात नारळाचं दूध.

शेवटी त्यांना अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगमध्ये नेलं. मुलांनी डोक्याला रुमाल बांधले. मूर्ती नाही, तसबीर नाही. कपाटात हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी. एकानं विचारलं, "देव कुठाय?" तिथले म्हातारे म्हणाले, "बाळा, आमची प्रार्थनाच 'ऐक' या शब्दानं सुरू होते. इथं बघायचं नसतं, ऐकायचं असतं."

मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी बांधलं. एकोणिसाव्या शतकात अब्राहाम, मोशे, योसेफ यांच्या आख्यानांवर मराठीत कीर्तनं होऊ लागली. पडद्यावरचे डेव्हिड, 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे कळल्यावर तर पोरं थक्कच झाली.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम सांगायची. इथे कोणी या लोकांचा धर्मावरून छळ केला नाही, याचा आपल्याला अभिमान असावा. पण ते तिकडे गेले तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनीच शंका काढली. १९६२ मध्ये हुकूम निघाला की, बेने इस्राएलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना विचारलं गेलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेनं ठराव करून ते सर्वार्थानं ज्यू आहेत असं सांगितलं. इथे आम्ही त्यांना तेली लिहिलं, तिथे त्यांना उपरे ठरवलं. आपण कोण हे दुसऱ्यानंच रकान्यात भरायचं, हे दोन्हीकडे सारखंच.

हे सगळं झाल्यावर मी महायुद्धाचा धडा घ्यायची. साठ लाख हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात हसू यायचं नाही. एका वर्षी ती कोळणीची पोर हळूच म्हणाली होती, "बाई, त्यांच्याकडं पण असे सण असतील ना?" मी फक्त मान हलवली. हिटलरच्या शिस्तीबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही असं नाही, पण आता उत्तर द्यायला वर्गच उठायचा.

२०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. बातमी वाचली आणि तो दाखला आठवला. स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या घरात होता, आता देशात थोडी हजार माणसं उरलीत. रकाना आला, पण तो भरायला मुलं किती?

ती मुलगी आता साठीची असेल. त्या दिवशी तिच्या वडिलांनी दुरुस्त दाखला घडी करून खिशात ठेवला आणि जाताना मलाच म्हणाले, "बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मी तिची माफी मागायची राहूनच गेली.

नातीला सांगितलंय, प्रकल्पाचं पहिलं पान नवगावचं कर. जर्मनी नंतर.